शरणम्माची अर्धी गोळी

लातुरात कोचिंग क्लासच्या मागच्या गल्लीत शरणम्माची खानावळ आहे. पत्र्याचं शेड, बाकडी, आत दोन चुली, एक गॅस, आणि दाराशी काळा फळा. फळ्यावर आजची भाजी खडूनं लिहिलेली असते. बाई चौथी पास, पण अक्षर भाकरीसारखं गोल नि ठसठशीत. गेल्या दिवाळीनंतर त्या फळ्यावर भाजीच्या खाली आणखी एक मजकूर आला:

‘बुधवारी साडेतीन ते साडेचार खानावळ बंद. मालकिणीचं फोनवर समुपदेशन असतं. झोपेच्या गोळ्या सोडणं चालू हाय.’

क्लासच्या पोरी वाचून एकमेकींकडं बघायला लागल्या. एकीनं धीर करून विचारलं, “मावशी, हे समुपदेशन कशाचं?”

“तुमचं जसं डॉक्टर व्हायचं चालू हाय, तसं माझं मानूस व्हायचं. बस आता, आमटी गार होऊन राहिली.”

संध्याकाळी तिचा नवरा सिद्धराम डाळमिलवरून आला. तो तिथं हमालांवर मुकादम. मिलमध्ये शंभर माणसांवर ओरडतो, घरात मात्र त्याचा आवाज मिशीच्या बाहेर येत नाही. त्यानं फळा वाचला, खांद्यावरची दस्ती काढली नि खालचा मजकूर पुसून टाकला. शरणम्मानं हात धुतले, खडू घेतला, परत लिहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं परत पुसला, तिनं परत लिहिला. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “दस्ती रोज कोन धुनार? मी तर न्हाई. अन् खडूचा डबा भरलेला हाय माझ्याकडं.”

सिद्धरामनं पुसायचं सोडलं.

शरणम्मा मूळची देगलूरकडची. माहेरी घरात कानडी, बाजारात तेलुगू, शाळेत मराठी. लातुरात येऊन तीस वर्षं झाली तरी राग आला की कानडीच तोंडात येते, नि त्यातला एक शब्द गल्लीतल्या सगळ्या पोरापोरींना पाठ आहे: साकु. म्हणजे पुरे. तिच्याकडं वाढून घेताना कुणी ‘बास’ म्हणत नाही, ‘साकु’ म्हणतं.

पंधरा वर्षांमागं, सदतिसाव्या वर्षी, तिची गर्भाची पिशवी काढली. पोटात दुखायचं, डॉक्टर म्हणाला काढून टाकू, काढून टाकली. गल्लीतल्या निम्म्या बायांची काढलेली होती, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. पोटातलं दुखणं गेलं. त्याच्या मागोमाग झोप गेली, नि झोपेच्या मागं आणखी काहीतरी गेलं, त्याला तिच्याकडं नाव नव्हतं. पीठ मळताना डोळ्यांतून पाणी गळायचं. चुलीचा धूर म्हणून ते खपून जायचं. गॅसवर भाजी करतानाही गळायला लागलं, तेव्हा ती दवाखान्यात गेली. दहा दिवसांच्या झोपेच्या गोळ्या मिळाल्या. ते दहा दिवस पंधरा वर्षं चालले.

चौकातला मेडिकलवाला रविकिरण सुरुवातीला विचारायचा, “मामी, चिठ्ठी?”

“चिठ्ठी कपाळावर लिवलीय. वाच अन् दे.”

पुढं विचारणंही बंद झालं. ती दुकानाच्या पायरीवर दिसली की त्याचा हात आपोआप खालच्या कप्प्यात जायचा. एकीच्या दोन झाल्या, दोनच्या तीन, आणि शेवटी दिवसाला पाच. रिकाम्या पट्ट्या ती ज्वारीच्या कणगीत तळाशी दाबून ठेवायची. आणि या सगळ्यात रोज दीडशे ताटांचा स्वयंपाकही व्हायचा. कुणाचं ताट कधी उशिरा गेलं नाही.

लिंगायताच्या घरात माणूस बिघडला की त्याच्यावर एक इलाज ठरलेला. गळ्यात जन्मभर बांधलेलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, उजवा हात त्यावर झाकायचा आणि शपथ घ्यायची. दारू असो, पत्ते असोत, तंबाखू असो. शपथ घेतली की सुटलं. नाही सुटलं तर दोष माणसाचा, शपथेचा कधीच नाही.

शरणम्मानं तीनदा घेतली. पहिली सासूसमोर, कणगीत पट्ट्या सापडल्या तेव्हा. ती नऊ दिवस टिकली. दुसरी सिद्धरामसमोर, चार दिवस. तिसरी मागल्या वर्षी शिवरात्रीच्या तोंडावर मठात, सगळ्यांसमोर.

त्या मठाचं सांगायला पाहिजे. जुन्या गावात आहे. शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी तिथं दासोह असतो, म्हणजे आल्यागेल्या प्रत्येकाला जेवण. मागच्या अंगणात वीस चुली एका रांगेत पेटतात, बाया भाकरी थापतात, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत पंगती उठतात नि बसतात. पहिल्या चुलीवरची पहिली भाकर देवाची. त्या पहिल्या चुलीवर चौदा वर्षं शरणम्मा बसत होती. तिथं तिला कुणी नेमलं नव्हतं. तिच्यासारखी भाकर दुसरीची फुगत नव्हती, एवढंच. खानावळीचं नावही तिथूनच झालं. पोरगी लातूरला ठेवायला आलेले बाप चौकात विचारायचे, “मठातल्या पयल्या चुलीवाल्या मामी कुठं राहत्यात?”

तर तिसरी शपथ तिनं तिथं घेतली, मठाच्या कमिटीचे अध्यक्ष गुरुलिंगअप्पा यांच्यापुढं. पाचच्या पाच गोळ्या त्याच घटकेला बंद. पहिल्या दिवशी हात थरथरले. दुसऱ्या दिवशी अंगभर घाम. तिसरा दिवस दासोहाचा. देवाची भाकर तव्यावर टाकताना तिला आकडी आली, नि उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत तव्यावर पडला.

हात बरा झाला. लोकांचं बोलणं काही बरं झालं नाही. “लिंगावर हात ठिवला अन् मनात गोळी ठिवली असंल. देवानं जागेवर दावलं.” शरणम्मालाही तेच खरं वाटलं. लिंगायताच्या गळ्यातलं लिंग मेल्यावरही काढत नाहीत. तिनं ते जिवंतपणी काढलं आणि देवघरातल्या खिळ्याला टांगलं. खोटारडीच्या गळ्यात कशाला, म्हणाली. आणि गोळ्या परत चालू केल्या.

तिची पोरगी शिवानी नांदेडला नर्सिंग शिकते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आली, हाताचा डाग बघितला, सगळं ऐकून घेतलं. आधी रडली, मग भडकली.

“अव्वा, ह्येला देवाचा कोप म्हंत्यात व्हय? इतक्या वर्षांची गोळी एका दिवसात तोडली की आकडी येती. पुस्तकात हाय आमच्या. मेली असतीस तू!”

“मंग तुझ्या पुस्तकात काय लिवलंय? मरोस्तर खा म्हनून?”

“डॉक्टरच्या सांगण्यानं हळूहळू कमी करायची. अन् मनात जे हाय ते कुनाशी तरी बोलायचं.”

“कुनाशी बोलू? तुझ्या बापाशी?”

सिद्धराम तिथंच बसला होता. त्यानं मिशीला हात लावला नि उठून बाहेर गेला.

मायलेकी एसटीनं अहमदपूर, लोहा करत नांदेडला गेल्या. डॉक्टरनं समक्ष तपासलं, पाच गोळ्यांवरून खाली कसं उतरायचं त्याचा कागद करून दिला नि बजावलं, आपल्या मनानं पाव गोळीसुद्धा इकडंतिकडं करायची नाही, वाढवायची नाही तशी तोडायचीही नाही. दर महिन्याला येऊन दाखवायचं. आणि दर बुधवारी फोनवर मनतशा.

मनतशा त्याच दवाखान्यातली समुपदेशक. वय असेल अठ्ठावीस. नांदेडला घराच्या माडीवर बसून ती मोबाइलच्या पडद्यावर परभणीच्या, देगलूरच्या, कुठल्या कुठल्या माणसांशी बोलते. कुणाची दारू, कुणाची गोळी, कुणाचं नुसतंच मन बसलेलं.

पहिल्या बुधवारी शरणम्मानं दुपारची परत अंघोळ केली. कपाळाला विभूती लावली, खिळ्यावरचं लिंग काढून तळहातावर घेतलं आणि कोठीत, डाळीच्या पोत्यांमध्ये, मोबाइलसमोर मांडी घालून बसली.

“काकू, हे हातात काय आहे?”

“लिंग. तू म्हन, मी तुझ्या मागनं म्हंते.”

“शपथ नको, काकू.”

“मुसलमानाची पोर म्हनून नगं म्हंतीस का? चालतंय गं. देवाला कळतं.”

मनतशा हसली. “तसं नाही. माझ्यापुढं कुणाचीच शपथ नको. अल्लाचीसुद्धा नको. मला फक्त आकडा सांगा. रोज किती गोळ्या?”

“दोन.”

मनतशा पडद्यातून नुसती बघत राहिली.

“तीन,” शरणम्मा म्हणाली.

“बरं.”

“बरं काय बरं? चिडत न्हाईस तू?”

“चिडून काय करू? डॉक्टरांच्या कागदावर पाच लिहिलंय. तुमच्या पोरीनं सांगितलंय.”

शरणम्मा तोंडाला पदर लावून हसायला लागली. तिचं खोटं याआधीही पकडलं गेलं होतं. पकडल्यावर समोरचं माणूस जागचं हललं नाही, असं मात्र पहिल्यांदाच झालं.

कोठीत काही जमेना. कुजबुजावं तर नांदेडला ऐकू जायचं नाही. मोठ्यानं बोलावं तर पत्र्यापलीकडं जगदेवी. ही जगदेवी दुसऱ्या चुलीवरची, खानावळीतही नि मठातही. बारा वर्षांची सोबत, मनानं वाईट नाही, पण कान लई लांब. शिवाय मांडीवर हात ठेवून बसलं की शरणम्माला बोलताच येत नव्हतं. चौथ्या बुधवारी तिनं जगदेवीला बाजारात धाडलं, मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवला नि परात पुढं ओढली.

“काकू, मला नुसते हातच दिसतायत.”

“हातच बग. हात रिकामे असले की तोंड खोटं बोलतं माझं.”

तेव्हापासून बोलणं चालू झालं. दवाखान्यातून टाके घेऊन घरी आली त्या दिवशी सासूनं परात पुढं सरकवली होती, तिथून सुरुवात. रोज दीडशे माणूस जेवून जातं, नि मामी तुम्ही जेवलाव का, असं पंधरा वर्षांत कुणी विचारलं नाही, हे ती बोलली तेव्हा पिठात पाणी जास्त पडलं, नि मनतशा म्हणाली, “काकू, आज जेवलात का?” शरणम्मा जेवली नव्हती. मनतशा थांबली, तिला ताट वाढून घ्यायला लावलं, नि त्या बुधवारचा उरलेला वेळ एक बाई जेवली आणि दुसरीनं बघितलं.

मनतशा दर वेळी विचारायची, मन कसं आहे, दहापैकी किती? शरणम्मा वैतागायची. “मनाला मार्क द्यायला मी काय क्लासची मास्तरीन हाय?” मग दोघींनी दुसरं माप काढलं, भाकरीचं. टम्म फुगली, अर्धी फुगली, चिरली, करपली. मनतशाच्या वहीत एकेका तारखेपुढं लिहिलेलं असायचं: करपली. करपली. चिरली. करपली. अर्धी फुगली. पावसाळा सरला तेव्हा गोळ्या पाचवरून तीनवर आल्या होत्या. दिवाळीला दोनवर.

दिवाळीतच गल्लीत कुजबुज सुरू झाली. मामी बुधवारी जगदेवीला बाहेर काढते, दार लावते आणि फोनवर कुणाशी तरी बोलते. हसते पण! ती कुजबुज रिक्षास्टँडवरून डाळमिलपर्यंत गेली. सिद्धराम त्या दिवशी चहासुद्धा न घेता म्हणाला, “बुधवारचं बंद कर. लोक भलतंच बोलून राहिले.”

“काय बोलून राहिले?”

“...कुनी मानूस हाय म्हंत्यात.”

शरणम्मा बावन्न वर्षांची, गुडघे गेलेले, केस अर्धे पांढरे. तिला आधी हसू फुटलं. “मानूस? माझ्यावर? कोन हाय त्यो, दावा तरी!” मग हसू जिथल्या तिथं थांबलं. “गोळ्या सोडते म्हनून सांगायची लाज धरली, तर लोकांनी माझा यार काढला. साकु. आता मीच सांगते.”

फळ्यावरचा तो मजकूर असा आला.

तो वाचून सात पोरी खानावळ सोडून गेल्या. अहमदपूरचे धोंडप्पा गुरुजी आपल्या धाकटीला न्यायला स्वतः आले.

“मामी, तुमच्यावर भरवसा हुता. गोळ्या खानाऱ्या बाईच्या हातचं पोरीनं कसं खायाचं?”

“गुरुजी, मी दिवसाला पाच खात हुते तवा तुमची थोरली इथंच जेवली. दोन वर्षं. कुठं असती आता?”

“...मेडिकलला.”

“आता मी दीडवर आले. पाचच्या हातचं ग्वाड लागलं, दीडच्या हातचं कडू लागून राहिलं व्हय?”

गुरुजींनी पोरगी नेलीच.

शिवरात्रीला आठवडा उरला तेव्हा शरणम्मा अर्धीवर होती. रोज संध्याकाळी सात वाजता, अर्धी. डॉक्टरच्या कागदावर ती आणखी सहा आठवडे चालायची होती. मठातला निरोप जगदेवीनंच आणला. भाकरी थापता थापता, वर न बघता सांगितला.

“अक्का, रविवारी दिवेलागणीला कमिटीनं बोलावलंय. अप्पा म्हंत्यात, लिंगावर हात ठिवा, गोळी बंद झाली म्हना. पयली चूल तुमचीच.”

“अन् न्हाई म्हनलं तर?”

जगदेवीनं भाकर उलटली. “तर मठाच्या पिठाला हात लावायचा न्हाई, म्हंत्यात.”

सिद्धरामला वाटलं, यात अडलंय काय? “घे की शपथ. अर्धीच तर राहिली. बंद झाली म्हन, अन् घरात बसून खा. अर्धी गोळी कोन बगाय येतंय?”

तो मनापासून म्हणत होता, म्हणून ती त्याच्यावर ओरडली नाही. एक खोटं बोललं की सगळं परत मिळत होतं. चौदा वर्षांची चूल, खानावळीचं नाव, कदाचित गेलेल्या पोरीही. खोटं बोलायचं नसेल तर खरंच आजच्या आज बंद करायची. त्याचं काय होतं ते तिच्या हातावर लिहिलेलं होतं.

बुधवारी तिनं परात ओढली नि सगळं मनतशाला सांगितलं. “आता तू सांग, काय करू?”

“तुम्हाला काय वाटतं, काकू?”

“बगा! हिला सवाल टाकला की ही सवालच वापस देती. तुला पगार कशाचा मिळतो गं?”

“ह्याचाच,” मनतशा म्हणाली. मग सावरून बसली. “एक मात्र मी स्पष्ट सांगते. आज एकदम बंद करायची नाही, कुणीही सांगितलं तरी. बाकी मठ तुमचा, माणसं तुमची. मी काय सांगू?”

शरणम्मानं चार भाकरी थापल्या. पाचवीला म्हणाली, “सासूपुढं शपथ घेतली तवा दोन खात हुते. मोडली, तर तीन झाल्या. नवऱ्यापुढं घेतली, मोडली, तर पाच झाल्या. शपथ मोडली ह्ये कुनाला कळू नये म्हनून आनखी एक खायची. आता चौथी घेतली तर किती हुतील?”

फोन ठेवताना मनतशानं नेहमीचं विचारलं, “आज कशी?”

“करपली. पन टाकून द्यायजोगी न्हाई.”

रविवारी शरणम्मानं खिळ्यावरचं लिंग काढलं नि गळ्यात बांधलं. दोऱ्याला गाठ मारताना सिद्धराम दारात उभा होता. त्याचा चेहरा उजळला. “म्हंजे शपथ घेनार तर.”

“लिंग काय नुसतं शपथेला असतंय? ते गळ्यात घालायला असतंय. चला.”

मठात सतरंजीवर कमिटीचे आठ जण बसले होते, मागं पायऱ्यांवर बाया. गुरुलिंगअप्पा आडतीचे व्यापारी, धोतर पांढरंशुभ्र, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, नि डाव्या गालात नेहमीची तंबाखूची पुडी. खिडकीबाहेर पिंक टाकून ते वळले.

“शरणम्मा, तुमच्या भाकरीबद्दल कुनाचा सवाल न्हाई. सवाल गोळीचा हाय. लिंग हातात घ्या, बंद झाली म्हना, इषय संपला.”

“बंद न्हाई झाली, अप्पा. पाचाची अर्धी झाली.”

“मंग आज बंद करा.”

“मागल्या साली तुमी म्हनलाव तवा आजच बंद केली हुती.” तिनं पदर सारला नि उजवा हात पुढं धरला. मनगटापासून कोपरापर्यंतची गुळगुळीत, गुलाबी कातडी दिव्याच्या उजेडात चमकली. “ही बगा.”

“ते देवानं...”

“देवानं न्हाई. एकदम तोडल्यानं. डॉक्टरचा कागद संगं आनलाय, वाचून घ्या.”

“डॉक्टरचा कागद मठात चालत न्हाई, बाई.”

“अन् गालातली पुडी चालती?”

पायऱ्यांवरून खसखस आली. अप्पांचा हात नकळत गालाकडं गेला नि मधेच थांबला. शरणम्मा थांबली नाही. “तुमी कवा घेतली शपथ, अप्पा? तारीख सांगा, मी बी येते बगायला.”

तेवढ्यात तिच्या मोबाइलचा गजर वाजला. सात वाजले होते. तिनं कमरेची पिशवी उघडली नि मागं बघून म्हणाली, “जगदेवी, पानी आन गं.”

जगदेवी उठली नाही. सगळ्या बाया खाली बघत होत्या. शरणम्मा स्वतः उठली, कोपऱ्यातल्या रांजणातून तांब्या भरला, सतरंजीच्या मधोमध येऊन उभी राहिली. अर्धी गोळी तिनं डाव्या तळहातावर घेतली, जिथं लिंग घेतात तिथंच, नि हात सगळ्यांसमोरून फिरवला.

“बगून घ्या सगळ्यांनी. अर्धी हाय. उद्या पाऊन हुती म्हनू नका.” तिनं गोळी तोंडात टाकली, वरून पाणी घेतलं. “तीन शपथा घेतल्या, तिन्ही मोडल्या. चौथी घेऊन देवाला आनखी एकदा फसवनार न्हाई. जे हाय ते माझ्या फळ्यावर लिवलंय. ज्याला इचारायचं त्यानं तिथं येऊन वाचावं.”

तांब्या जागेवर पालथा घातला नि ती निघाली. गुडघ्यामुळं पायऱ्या उतरायला वेळ लागला.

तिच्या पाठीमागं कमिटीनं ठराव केला. पहिली चूल जगदेवीकडं. शरणम्मानं मठाच्या पिठाला हात लावायचा नाही.

दासोहाच्या सकाळी वीस चुली पेटल्या. देवाची भाकर जगदेवीनं टाकली. आणि पंगतीची पहिली घंटा व्हायच्या आत शरणम्मा मागच्या दारानं अंगणात आली. डोक्यावर स्वतःची परात, परातीत खानावळीतलं ज्वारीचं पीठ, काखेत लाकडाची मोळी. विसाव्या चुलीच्या पुढं, मोरीच्या कडेला, तिनं तीन दगड मांडले नि एकविसावी चूल पेटवली.

गुरुलिंगअप्पा धोतराचा सोगा सावरत आले. “शरणम्मा, ठराव झालाय.”

“मठाच्या पिठाला हात लावायचा न्हाई, असा झालाय. ह्यो आटा माझा, लाकडं माझी, परात माझी. दगड तेवढे मठाचे हायत. सांजच्याला धुवून वापस ठिवते.”

“असं कुठं असतंय का?”

“मंग उठवा मला. इथंच बसलीय.”

अप्पांनी रांगेकडं बघितलं. वीसच्या वीस बायांचे हात पिठात थांबले होते. पलीकडून पंगतीतून ओरडा आला, “भाकर! भाकर आना!” अप्पा वळले. उठवलं नाही, बसाही म्हणाले नाहीत.

बसणं एक झालं. तिची भाकर उचलणार कोण, हे राहिलंच. वाढपी टोपल्या घेऊन पहिल्या चुलीपासून निघायचे, एकेकीची चवड उचलत विसाव्या चुलीपर्यंत यायचे नि तिथून वळून जायचे. एकदा आले, दोनदा आले. शरणम्माच्या पुढ्यातल्या चवडीत दहा भाकरी झाल्या, वीस झाल्या, चाळीस झाल्या. खालच्या गार व्हायला लागल्या. ती थापत होती. थाप, तवा, पाणी, निखारा. मान वर केली नाही. फक्त थापेचा आवाज पहिल्यापेक्षा मोठा झाला होता, एवढं शेजारच्या बाईला कळलं.

सिद्धराम पंगतीत पाणी वाढत होता. त्यानं बघितलं. पाण्याचा जग खाली ठेवला. एकविसाव्या चुलीशी आला, खांद्यावरची दस्ती काढली, जमिनीवर अंथरली. त्या दस्तीवर त्यानं चाळीस भाकरी रचल्या, चार कोपरे धरून उचलल्या नि पंगतीत शिरला. आणि घरात मिशीच्या आत राहणारा तो आवाज, मिलमधल्या यंत्रांच्या वर चढणारा, पहिल्यांदा तिच्या कानावर आला.

“भाकर! गरम भाकर! शरणम्माची भाकर!”

सगळ्यांनी घेतली नाही. एकानं ताटावर हात आडवा धरला. दोघंतिघं “साकु, साकु” म्हणत दुसरीकडं बघायला लागले. एक म्हातारी म्हणाली, “मला दे रं, दोन दे. चौदा वर्षं खाल्ली, काय झालं न्हाई मला.” तिच्या शेजारच्यानं घेतली. त्याच्या शेजारच्यानं नाही घेतली. सिद्धराम कुणापाशी थांबला नाही, कुणाला आग्रहही केला नाही. ओरडत पंगतीच्या टोकाला गेला नि रिकामी दस्ती झटकत परत आला.

“आन,” तो म्हणाला.

दिवसभर त्यानं कितीदा फेऱ्या मारल्या ते दोघांनीही मोजलं नाही.

सात वाजता मोबाइलचा गजर वाजला तेव्हा शेवटची पंगत बसली होती. शरणम्माचे दोन्ही हात पिठात होते. ती उठायला लागली, तर समोर पाण्याचा पेला आला. पहिल्या चुलीवरून एवढं अंगण चालून जगदेवी आली होती.

“आज आनलंस व्हय पानी?” शरणम्मा म्हणाली.

जगदेवी हळूच म्हणाली, “अक्का, देवाची पयली भाकर चिरली गं माझी.”

“चिरू दे. माझ्या मनतशाच्या वहीत लई चिरल्यात. कवा सुटंल ही गोळी, इचारू नको, मला ठावं न्हाई. पेला धर, हात भरल्यात माझे. अन् पिशवीतली अर्धी काढ. सगळ्यांना दिसंल अशी काढ.”

जगदेवीनं अर्धी गोळी काढून तिच्या तोंडात टाकली, पेला ओठाला लावला. शरणम्मानं पाणी गिळलं नि तव्यावरची भाकर उलटली.